ठाणे–नवी मुंबईत जपानी भाषा-संस्कृतीवाली नोकरदार मंडळी कुठे भेटतात? (सल्ला हवाय)

तीनहातनाका

नमस्कार मंडळी. वय २८, राहायला मानपाड्याला, नोकरी ऐरोलीत. आमचा क्लायंट टोकियोचा. त्यांचे साडेनऊ म्हणजे आपले सकाळचे सहा, त्यामुळे दोन वर्षं मी पारोशा तोंडाने 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु' ऐकत आले. दुभाषी मॅडम त्याचं दर वेळी वेगळंच भाषांतर करायच्या. कधी 'गुड मॉर्निंग', कधी 'थँक्यू', कधी काहीच नाही. हे नक्की आहे तरी काय म्हणून क्लास लावला, तो आता सुटत नाही.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फोर पातळी झाली (एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड). एन-थ्री डिसेंबरात चार मार्कांनी गेली (९५ लागतात, मला ९१). जुलैत परत बसतेय.

अडचण अशी की क्लास ऑनलाइन. सगळ्यांचे कॅमेरे बंद, एकट्या सेन्सेई, म्हणजे बाई, बोलतात. ऑफिसात विषय काढला की 'सुशी म्हणजे कच्चा मासा ना, ई' इथेच गाडी अडते, आणि हे म्हणणारा स्वतः बोंबील जाळावर भाजून खातो. मला माझ्या वयाची, नोकरी करणारी, या विषयात रस असलेली माणसं हवीत. भाषा, जेवण, चहा, कागदाच्या घड्या, काहीही चालेल. त्यातून नोकरीच्या ओळखी झाल्या तर उत्तमच, पण तेवढ्यासाठी नाही.

दर रविवारी मेगाब्लॉक पार करून दक्षिण मुंबईत जाणं मला जमणार नाही. इकडे आसपास काय आहे? एकटीने गेलं तर अवघडल्यासारखं होतं का? आणि ते तिकीटवाले 'मिक्सर', म्हणजे ओळखी करून घ्यायचे मेळावे असतात, त्यांचा कुणाला अनुभव?

मामलेदार_तिखट

ठाण्यात राहून सुशी? आधी मिसळ खा, मग बोलू.

कोपरीकर

तिखटराव, तुमचं झालं असेल तर कामाचं बोलतो.

ताई, तुमची अडचण तुमच्या एकटीची नाही, परीक्षेची आहे. जेएलपीटीत बोलायचा पेपरच नाही. लिहायचाही नाही. एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत सगळं गोळे काळे करण्यावर. त्यामुळे एन-थ्री पास होऊनही 'दुकान किती वाजता उघडतं' हे विचारायला घाम फुटणारी मंडळी ठाण्यात भरपूर आहेत आणि ती सगळी तुमच्यासारखीच माणसं शोधतायत.

त्यांना गाठायची जागा म्हणजे परीक्षेचं फाटक. जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार. एन-थ्रीला दोन मधल्या सुट्ट्या मिळतात. त्या वेळी लोक भिंतीला टेकून वडापाव खात असतात आणि प्रत्येकाला 'तो तिसरा प्रश्न' कुणाशी तरी बोलायचाच असतो. पुस्तकात डोकं घातलेल्यांना सोडा, घाबरलेले शोधा.

आमचा गट तसाच जमला. पावसात छत्री एकच होती आणि माणसं चार. पुढच्या रविवारी उपवन तलावाच्या काठी सकाळी सातला भेटलो. चौघांनी आपापली ओळख करून दिली: नाव, गाव, कंपनी, छंद. चाळीस सेकंदांत कार्यक्रम संपला. मग नुसती शांतता. शेजारी कुणीतरी कपालभाती करत होतं, तेवढाच आवाज. शेवटी एकाने समोरच्या बगळ्याकडे बोट दाखवून विचारलं, 'आरे वा नान देसु का?' (ते काय आहे?) बगळ्याला काय म्हणतात ते कुणालाच येईना. तो शब्द शोधण्यात अर्धा तास गेला आणि गप्पा सुरू झाल्या. (सागी.)

आता अकरा जण आहेत. वीस मिनिटं फक्त जपानी. मधे मराठी निघालं की दहा रुपये डब्यात, त्यातून चहा. चहा आजवर कधी कमी पडलेला नाही. विषयासाठी जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' हे पुस्तक वापरतो. त्यांच्या साइटवर फुकट मिळतं आणि त्यातले धडे घरमालकाशी बोलणं, दवाखाना, कचऱ्याचे दिवस असे रोजच्या कामाचे आहेत. 'मिन्ना नो निहोंगो' हे नेहमीचं पाठ्यपुस्तक क्लासला चांगलं, पण त्यातल्या वाक्यांवर गप्पा होत नाहीत.

पावसाळ्यात कुणाच्या तरी घरी बसतो.

वाशीची_वहिनी

मिक्सरबद्दल मी सांगते, कारण पैसे माझे गेलेत.

मागच्या वर्षी एका हॉटेलात 'जपानप्रेमी तरुण व्यावसायिकांची संध्याकाळ'. पंधराशे रुपये. नवऱ्याला म्हटलं, तू मुलाला सांभाळ, मी चालले. तिथे गेले तर दारात कागदी कंदील, आत तीस-चाळीस माणसं, जपानी माणूस एकही नाही. हरकत नाही म्हटलं. अर्ध्या तासात पडदा खाली आला आणि दीड तास 'जपानला कामाला कसं जायचं' यावर भाषण. शेवटी प्रत्येकाच्या हातात फॉर्म. खायला चायनीज भेळ. जपानी मेळाव्यात चायनीज भेळ! माझा राग अजून त्या भेळेवरच आहे.

ते जो व्हिसा विकत होते तो 'तोकुतेइ गिनो', म्हणजे ठराविक कौशल्याच्या कामगारांचा. जपानने तो २०१९ मध्ये सुरू केला आणि भारताशी त्याचा करार २०२१ मध्ये झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, हॉटेल अशा कामांसाठी तो चांगलाच आहे, त्याला नावं ठेवत नाही. त्याला एन-फोर किंवा जेएफटी-बेसिक ही भाषेची दुसरी परीक्षा, आणि त्या कामाची परीक्षा लागते. पण आयटीतल्या पदवीधराचा व्हिसा वेगळा असतो, तिथे पदवी आणि कंपनीचं नेमणूकपत्र बघतात. आमच्या टेबलावरच्या तिघी इंजिनिअर पोरी फॉर्म भरायला निघाल्या होत्या, त्यांना मी खाली बसवलं. त्यांच्यापैकी दोघी आजही माझ्या मैत्रिणी आहेत, म्हणजे पंधराशे अगदीच वाया गेले असं नाही.

तिकीट काढायच्या आधी आयोजकाला एवढंच विचारा की तिथे आम्ही करणार काय? 'नेटवर्किंग' असं उत्तर आलं तर जाऊ नका. 'फुरोशिकीत (चौकोनी जपानी कापडात) डबा बांधायला शिकवणार' असं आलं तर डोळे मिटून जा.

दुभाषी_२१

वहिनी, तुमचं पटतं, पण थोडी वेगळी बाजू मांडते. पोटापाण्यासाठी जपानी बोलते म्हणून.

तलावाकाठी बगळे मोजून बोलणं सुधारेल, पण कामाच्या ओळखी तिथे होणार नाहीत. आमच्या धंद्यात काम हातोहात फिरतं. एखाद्या सीनियरकडे एका तारखेला दोन कामं आली की दुसरं ती ओळखीतल्या मुलीकडे सरकवते. जाहिरात वगैरे काही नसते. म्हणून दहा शिकणाऱ्यांपेक्षा दोन काम करणारे गाठा.

इकडे काम नाही असंही नाही. अटल सेतू 'जायका' या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जातून झाला, मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनलाही जपानचाच पैसा. बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ किलोमीटर आपल्या ठाण्याच्या खाडीखालून, आणि ठाणे हे त्या मार्गावरचं एक स्थानक. एवढं मोठं काम म्हटलं की कागदपत्रांचे ढीग आले.

जपानी लोकांना भेटायला जाल तेव्हा व्हिजिटिंग कार्ड न्या. दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं, वाचायचं आणि बैठक संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवायचं. हे क्लासमध्ये शिकवतात. मला शिकवलं नव्हतं ते असं, की त्यावर त्यांच्यादेखत लिहायचं नाही. पहिल्याच कामाला मी हुशारी म्हणून त्या साहेबांच्या कार्डावर बॉलपेनने देवनागरीत उच्चार लिहून घेतला. ते काही बोलले नाहीत. शेजारच्या मॅडमने टेबलाखालून पाय दाबला. संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून वाक्य धड निघेना.

आणि एक. इथे बदलीवर आलेले जपानी तीन-चार वर्षांत परत जातात. दोस्ती करा, पण शनिवारची मंडळी मराठीच असू द्या.

नौपाडा_नाना

तरुण व्यावसायिकांच्या धाग्यात मी म्हातारा घुसतोय, माफी असावी. तीनहातनाका, तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून एकेरीत बोलतो.

दक्षिण मुंबई नको म्हणतेस, पण वरळीपर्यंत एकदा जाऊन ये. तिथे निप्पोन्झान म्योहोजी हे जपानी बौद्ध मंदिर आहे. तो पंथ ज्यांनी काढला ते फुजी गुरुजी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले होते. तिथे 'ना मु म्यो हो रेन गे क्यो' म्हणत डफासारखा चपटा ढोल वाजवतात. मी बँकेत होतो तेव्हा कामावरून परतताना जाऊन बसायचो. ढोल माझ्याही हातात द्यायचे. ताल चुकला तरी कुणी वळून बघत नसे. तिथे कुणाला फार बोलायची गरज पडत नाही, तेव्हा अवघडलेपणाचा प्रश्नच मिटला.

दुसरं, हायकू, ती तीन ओळींची जपानी कविता. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला, त्यामुळे आपल्याला तो परकाही वाटत नाही. चार जण जमा, प्रत्येकाने एक मूळ जपानी हायकू आणायचा आणि तिथेच मराठीत करायचा. पाच-सात-पाचचा हिशेब मराठीत बसतो का यावर तासभर भांडण होतं. अनुभवाने सांगतो.

कागदाच्या घड्या म्हणालीस, तर मुंबईत 'ओरिगामी मित्र' हा जुना गट आहे, त्यांची प्रदर्शनं होतात. तिथे आठ वर्षांच्या पोराशेजारी बसून शिकायची तयारी ठेव.

सुकट_ओनिगिरी

खारघरहून. आयडीवरून कळलंच असेल मी काय सुचवणार: ओनिगिरी, म्हणजे भाताचे वळलेले गोळे.

आम्ही सहा-सात जण महिन्यातून एकदा सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जेवण करतो. जपानी तांदूळ महाग, म्हणून प्रयोग केले. बासमती विसरा. आंबेमोहराचा वास भारी, पण गोळा फुटतो. इंद्रायणी मात्र धरून राहतो. नवा असेल तर पाणी थोडं कमी, वाफ जिरेपर्यंत झाकण उघडायचं नाही आणि भात गरम असतानाच हात मिठाच्या पाण्यात बुडवून वळायचा. मोदक वळणाऱ्या बायकांना हे दोन मिनिटांत जमतं, आम्हा पुरुषांचे त्रिकोण अजून बटाटेवडे दिसतात. आत जवळा-सुकटाची चटणी, लसूण सढळ. श्रावणात मुरलेलं लिंबाचं लोणचं, जे उमेबोशीच्या, म्हणजे जपानी खारवलेल्या आंबट फळाच्या, इतकं जवळ जातं की आमच्याकडे आलेल्या एका जपानी बाईंनी बरणीच मागून नेली.

शाकाहारी लोकांसाठी सूचना: मिसो (सोयाबीन आंबवून केलेला लगदा) शाकाहारी असतं, पण मिसो सूप बहुधा नाही. त्याच्या दाशीत, म्हणजे मूळ पाण्यात, कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेला मासा असतो. आम्ही कोंबू या समुद्री वनस्पतीची दाशी वेगळ्या पातेल्यात करतो. पहिल्या वेळी हे सांगायचं राहिलं आणि एका जैन मित्राने दोन वाट्या सूप पिऊन झाल्यावर पाकिटावर काय लिहिलंय ते वाचलं. तो अजून येतो, पण वाटी भरायच्या आधी माझ्याकडे बघतो.

एप्रिल-मेमध्ये तामण फुलला की त्याखाली सतरंजी टाकून हानामी, म्हणजे फुलं बघत बसणं. विक्रोळीला हायवेलगत गुलाबी फुलांची झाडं आहेत, फोटोत अगदी साकुरा (जपानी चेरीचा बहर) वाटतात, पण तिथे बसलात तर डंपरच्या धुळीत ओनिगिरी खावी लागेल.

तीनहातनाका

सगळ्यांचे खूप आभार! नाना, एकेरीच बरं वाटलं. वरळी नक्की. दुभाषीताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. वहिनी, भेळेबद्दल सांत्वन.

कोपरीकरदादा, थेट विचारते, अकरांत मुली किती? आणि घरी बसता म्हणजे कुणाच्या?

कोपरीकर

विचारलंत ते बरं केलंत. सहा मुली. घर बहुतेक वेळा माझंच. आई असते आणि 'इरास्शाइमासे' (या, या) म्हणून दार उघडते, तिला तेवढं एकच येतं. नवीन माणूस पहिल्यांदा उपवनलाच भेटतो, उघड्यावर. नाही पटलं तर चहा पिऊन निघून जायचं, कुणी फोन करून विचारत नाही.

वाशीची_वहिनी

मला चालेल का यायला? वय ३७. पस्तिशीची अट आहे का?

नौपाडा_नाना

मी ६८. अट असेल तर वहिनींच्या आधी मला कळवा.

तीनहातनाका

परवा परीक्षा झाली. चोकाई, म्हणजे ऐकायचा पेपर, यंदाही कानावरून गेली, निकालाचं बघू. पण पहिल्या सुट्टीत फाटकाशी उभी राहिले. माझ्या बाजूला डोंबिवलीची एक मुलगी शब्दांची चिठ्ठी चुरगळत उभी होती. तिला म्हटलं, 'तो तिसरा प्रश्न...' आणि ती म्हणाली, 'बाई गं, तोच!' तिच्या मागे घणसोलीचा एक जण होता, तो म्हणाला, मी दुसरा पर्याय टाकला. आम्ही दोघींनी तिसरा. अजून भांडण मिटलेलं नाही, ग्रुप मात्र झालाय.

रविवारी आम्ही तिघं उपवनला येतोय. वहिनी वाशीहून आणि ओनिगिरीदादा खारघरहून डबा घेऊन येणार म्हणतायत. ठाणे–वाशी मार्गावर त्या दिवशी ब्लॉक आहे का, कुणी बघून सांगाल? असेल तर सातऐवजी साडेआठला भेटू, भात गार झाला तरी चालेल.