डीव्हीडी टपालाने पाठवायच्या आहेत, कमी खर्चात आणि न तडकता. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सांगलीत, विश्रामबागला राहतो. जत, आटपाडीकडच्या काही शाळांना डेबियन (विंडोजसारखी संगणक चालवणारी प्रणाली) आणि लिबरऑफिस (पत्रं, तक्ते वगैरे करायचं सॉफ्टवेअर) यांच्या डीव्हीडी फुकट पाठवतो. तिथे एवढ्या मोठ्या फाइल उतरेपर्यंत नेट टिकत नाही. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, त्यामुळे प्रती काढून वाटायला कुणाची परवानगी लागत नाही.

घोडं अडलंय पाकिटापाशी. डिस्क जेमतेम १५-१६ ग्रॅमची, पण प्लॅस्टिकची डबी घातली की वजन कितीतरी पट होतं. म्हणून गेल्या वेळी नुसत्या कागदी पाकिटातून १२ पाठवल्या, तर ३ तडकून पोचल्या. एका बाईंनी तुकडे जुळवून फोटो पाठवला. मुलं वाट बघत होती म्हणाल्या. फार वाईट वाटलं.

आता जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे १३ सेंटिमीटरचे चौकोनी कापून दोन्ही बाजूंनी लावतोय. एवढं पुरेल का, की बबलचं पाकीटच घ्यावं? सांगलीत ती ठोक भावात कुठे मिळतील? आणि बुकपोस्टात डीव्हीडी चालते का? कुणी स्वतः पाठवली असेल तर नक्की सांगा. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ४० पाठवायच्या आहेत.