मदत हवी आहे : केमो चालू असताना अ‍ॅक्युपंक्चर करून घ्यावे का?

अबोली_नाशिक : आईची केमो चालू आहे आणि तिला फार त्रास होतो आहे. ओळखीच्या एका बाईंना अ‍ॅक्युपंक्चरने बरे वाटले, म्हणून सोमवारची वेळ घेतली आहे. जावे की नाही, एवढेच सांगावे. 'डॉक्टरांना विचारा' असे कृपया लिहू नये. विचारले असता त्यांनी 'माझी हरकत नाही' एवढेच सांगितले.

खानदेशी : कर्करोग कोणता, औषध कोणते आणि त्रास नेमका कसला, हे तिन्ही आपण लिहिलेले नाही. मळमळ, सांधेदुखी आणि मुंग्या या तिन्हींचे उत्तर वेगवेगळे आहे.

सागरगोटा : माझ्या पत्नीला लेट्रोझोलच्या (स्तनाच्या कर्करोगावरच्या) गोळ्यांमुळे सांधे दुखून सकाळी मूठही वळत नसे. सहा आठवड्यांत बारा वेळा सुया लावून घेतल्यावर ती पुन्हा पोळ्या लाटू लागली. अमेरिकेत अशाच दुखण्याच्या २२६ स्त्रियांवर अभ्यास झाला असून तो २०१८ साली प्रसिद्ध झाला आहे. जरूर जावे.

तर्ककर्कश : त्याच अभ्यासात एका गटाला खोट्या सुया लावल्या होत्या, हेही सांगावे. खऱ्या सुयांच्या गटाचे दुखणे अधिक कमी झाले हे खरे, परंतु दहा गुणांच्या मोजपट्टीवर दोन गटांतला फरक सुमारे एका गुणाचा होता. शिवाय ताईंच्या आई लेट्रोझोल घेतात, असे कोणी म्हटले आहे?

सागरगोटा : ज्याची मूठ वळत नाही, त्याला तो एक गुणही पुष्कळ असतो.

सोलापुरी_चादर : ही विद्या आमच्या डॉ. कोटणीसांनीच चीनहून आणली, त्यामुळे मराठी माणसाने तरी शंका घेऊ नये.

खानदेशी : कोटणीस शल्यचिकित्सक होते आणि १९४२ साली चीनमध्येच वारले. १९३८ साली त्यांच्याबरोबर चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील डॉ. बसू यांनी पुढे ती विद्या शिकून कलकत्त्याला आणली. ताई, आपले उत्तर राहिले आहे.

अबोली_नाशिक : स्तनाचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया झाली असून आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध असते. थोडी मळमळ आहे, पण मुख्य त्रास तळपायांना आणि बोटांना मुंग्या येण्याचा आहे. परवा चहाचा कप हातातून निसटला.

वॉर्ड_नंबर_सात : कर्करोग विभागात मी बरीच वर्षे परिचारिका आहे. मळमळीसाठी मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, दोन कंडरांच्या (स्नायूंच्या दोऱ्यांच्या) मधोमध असलेल्या बिंदूचा आधार घेतला जातो, पण तो उलटीच्या औषधांच्या जोडीने, त्यांच्याऐवजी नव्हे. मुंग्यांबाबतचा पुरावा अजून कच्चा आहे. जायचेच असेल तर ताजा रक्ततपासणीचा अहवाल बरोबर न्यावा, कारण प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी फार खाली असतील तेव्हा सुया टाळतात. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या असतील, त्या हाताला सुई लावू देऊ नये. आणि कप निसटल्याचे डॉक्टरांना ठाऊक आहे ना?

अबोली_नाशिक : नाही. आईने शपथ घातली आहे. हे कळले तर केमो थांबवतील आणि रोग परत येईल, असे तिला वाटते. डॉक्टरांना मी फक्त मळमळीबद्दल विचारले होते.

तर्ककर्कश : म्हणजे त्यांची हरकत नव्हती ती निराळ्याच गोष्टीला.

वॉर्ड_नंबर_सात : तिखट बोलू नये, पण मुद्दा तोच आहे. मुंग्या वाढत असताना मात्रा तशीच चालू ठेवली, तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. डॉक्टर मात्रा कमी करतात, एखादा आठवडा पुढे ढकलतात किंवा औषध बदलतात. सरसकट उपचार बंद करत नाहीत, हे आईंना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवावे.

गुडघेदुखी_६२ : माझ्या गुडघ्यांसाठी किती वेळा सुया लावाव्या लागतील?

अबोली_नाशिक : रुग्णालयात फोन केला. पुढचा डोस देण्यापूर्वी तपासणार आहेत, उद्याच बोलावले आहे. सोमवारची वेळ तूर्त रद्द केली. आई माझ्याशी बोलत नाही. डावी बाजू आहे, गाठी काढलेल्या आहेत, हेही लिहायचे राहून गेले होते.