एम.ए. समाजशास्त्र: 'भारतीय समाज आणि संस्कृती' आपल्या गावावरून कसा अभ्यासावा?

प्रश्न (विद्यार्थिनी, वसमत)

नमस्कार. मी एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. संस्कृतीकरण (खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलणे), प्रभावी जात (संख्या, जमीन आणि सत्ता यांच्या बळावर गावात वरचढ असलेली जात), जजमानी पद्धत (कारागीर आणि यजमान यांच्यातील पिढीजात सेवा-मोबदल्याचे नाते) यांच्या व्याख्या, वैशिष्ट्ये आणि मर्यादा लिहिल्या की परीक्षेत गुण मिळतात. परंतु पुस्तकातली गावे म्हैसूरकडची, तंजावरकडची नाही तर उत्तर प्रदेशातली असल्यामुळे आमच्या गावात यातले नेमके काय आहे, हे मला सांगता येत नाही. पुढच्या वर्षी लघुप्रबंध लिहायचा आहे. 'ग्रामीण समाजातील बदल' असा विषय मनात आहे, पण गावावर लिहिण्यासारखे आता काही उरलेले नाही असे मैत्रिणी म्हणतात. शिवाय मूळ ग्रंथ बहुतेक इंग्रजीत आहेत आणि माझे शिक्षण मराठीतून झाले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई)

कोणतीही संकल्पना पाठ करण्याआधी ती कोणत्या गावात, कोणाच्या घरी बसून तयार झाली, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरणाची मांडणी कूर्ग लोकांवरील 1952 च्या ग्रंथात केली आणि प्रभावी जातीची मांडणी म्हैसूरकडील रामपुरा या गावावरून केली. जजमानीचे चित्र अमेरिकी मिशनरी वायझर यांनी 1936 मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातील करीमपूरवरून रेखाटले. ही चित्रे खोटी नाहीत, पण ती त्या त्या गावांची आहेत.

जजमानीचेच घ्या. तिकडे कारागिराचे घर ठरावीक यजमानांच्या घरांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले असे. आपल्याकडे बलुतेदार हा साऱ्या गावाचा मानला जाई. सुतार, लोहार, न्हावी, परीट यांचे वतन गावाशी जोडलेले होते आणि मळणी झाली की खळ्यावर त्यांना बलुत्याचे धान्य मिळे. यासाठी त्रिं. ना. आत्रे यांचा 'गावगाडा' (1915) मराठीतूनच वाचा. मात्र आत्रे ब्रिटिश मुलखातले होते, तेव्हा निजामी राजवटीतील आपल्या गावाशी त्यांचे वर्णन ताडून पाहावे लागेल. आज न्हावी रोख पैसे घेतो, सुताराचा मुलगा पुण्याला कंपनीत जातो. तरीही लग्नात कुंभाराच्या घरून मडकी वाजतगाजत आणतात का, सुगीला आराध्याच्या किंवा पोतराजाच्या सुपात धान्य पडते का, हे जाऊन पाहण्यासारखे आहे. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. बलुतेदारी 'परस्परपूरक' होती असे वाक्य पुस्तकात आले की तिथे थांबा आणि ज्यांच्या वाट्याला मेलेली जनावरे ओढण्याचे काम आले, त्यांच्या ओसरीवर बसून तोच प्रश्न विचारा. उत्तर पाटलाच्या वाड्यातले येणार नाही.

इंग्रजीची भीती बाळगू नका. श्यामाचरण दुबे यांचे 'इंडियन व्हिलेज' (1955) हे पुस्तक हैदराबादेजवळच्या शमीरपेटवर आहे. मराठवाडाही 1956 पर्यंत त्याच हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे त्यातले देशमुख आणि त्यांचा दरारा तुम्हाला परका वाटणार नाही. रोज थोडी पाने वाचावीत.

उत्तर (पीएच.डी. संशोधक, बीड)

सरांशी सहमत आहे. विषयाबद्दल मात्र स्पष्ट सांगते: 'ग्रामीण समाजातील बदल' हा लघुप्रबंधाचा विषय होऊ शकत नाही, तो फार पसरट आहे. आमच्या भागात दसरा-दिवाळीनंतर गावेच्या गावे ऊसतोडीला जातात आणि मागे म्हातारी माणसे व शाळेतली मुले राहतात. मुकादमाच्या (मजुरांची टोळी जमवणाऱ्याच्या) हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल (आगाऊ रक्कम) बहुधा नवऱ्याच्या हाती पडते आणि बाईच्या मजुरीचा वेगळा आकडा कुठेच दिसत नाही. कुटुंबसंस्था, विवाहाचे वय, स्त्रीचे श्रम हे अभ्यासक्रमातले तीनही घटक त्या एका हिशेबात सापडतात. तुमच्याकडेही असा एखादा व्यवहार शोधा. मुलाखत मुकादमासमोर घेऊ नका आणि प्रबंधात लोकांची खरी नावे देऊ नका, कारण त्यांना पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जायचे असते.

विद्यार्थिनी, वसमत

सर, मॅडम, मनापासून आभार. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न सर्रास होते, पण आत्याच्या मुलीशी सोयरीक करत नाहीत. आजीला विचारले तर ती म्हणते, "वेल माघारी फिरत नाही." हा विषय होऊ शकेल का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई)

उत्तम विषय आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (1953) या ग्रंथात भारताचे आप्तसंबंधांनुसार विभाग पाडले आणि महाराष्ट्र मधल्या विभागात ठेवला, कारण उत्तरेकडील व दक्षिणेकडील चालीरीती इथे एकमेकींत मिसळतात. तुमच्या आजीने सांगितलेला भेद त्यांनी मराठा समाजाबाबत नोंदवलेला आहे. मात्र तो वसमतमधल्या सगळ्या जातींत आहे का, मुस्लिम कुटुंबांत काय चालते, तेलुगूचा शेजार असलेल्या देगलूर-बिलोलीकडे नियम बदलतो का, हे तुम्हालाच तपासावे लागेल.

त्याच्या जोडीला डॉ. आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध घ्या. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या नियमामुळे, असे त्यांनी त्यात मांडले आहे. मामाच्या घरची मुलगी करून घेतल्याने जमीन, हुंडा आणि जातीची सीमा यांचे काय होते, हा तुमच्या प्रबंधाचा प्रश्न ठरू शकेल.

सुरुवात वंशावळीपासून करा. आजीकडून तीन पिढ्यांची लग्ने लिहून घ्या. प्रत्येक लग्नापुढे गाव, आधीचे नाते आणि सोयरीक कोणी जमवली ते नोंदवा. मोडलेल्या सोयरिकीही विचारायला विसरू नका.