तीन तास ऊन असलेल्या खिडकीत मिरची का धरत नाही?

प्रश्न
ठाण्यात चौथ्या मजल्यावर आमचे घर असून, पूर्वेच्या खिडकीबाहेरील लोखंडी जाळीत मी बारा इंची सहा कुंड्या ठेवल्या आहेत. तेथे सकाळी जेमतेम तीन तास ऊन येते. मिरचीची फुले गळून जातात आणि कढीपत्ता वर्षभर वीतभरच आहे. लाल माती आता इतकी घट्ट झाली आहे की पाणी कडेने वाहून खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. खत वाढवावे, की जागाच चुकली आहे?

पहिले उत्तर
खत तूर्त बाजूला ठेवावे. मिरचीला निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते. ते नसताना नत्राचा मारा केला, तर पाने माजतात आणि फुले टिकत नाहीत. तुमच्या खिडकीत मेथी, कोथिंबीर, पुदिना, अळू यांचे चांगले जमेल. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडण्याजोगी होते आणि त्यासाठी डब्यातले मेथीदाणेही चालतात. धणे मात्र हलके रगडून, दोन फाका करून पेरावेत. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समप्रमाणात घेऊन त्यात मूठभर कडुनिंबाची पेंड मिसळावी.

दुसरे उत्तर
वरील मिश्रण योग्य आहे. पण कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीनदा पाणी बदलून धुतली नाही, तर त्यातील क्षार रोपांना बाधतात. शिवाय ते वरून कोरडे दिसले तरी आत ओले असते, म्हणून बोट दोन पेरे खुपसून पाहिल्याशिवाय पाणी घालू नये. कढीपत्ता थंडीत फारसा वाढत नाही. उन्हाळा लागताच त्याचा शेंडा खुडावा.

मला अधिक काळजी वाटते ती जाळीची. बारा इंची कुंडी ओल्या मातीसह वीस किलोंच्या पुढे जाते, म्हणजे सहा कुंड्यांचा भार सव्वाशे किलोंच्या आसपास होतो. कोकोपीटमुळे तो बराच कमी होईल, तरीही भिंतीतील बोल्ट गंजले आहेत का, हे पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे.

प्रश्नकर्ती
दोन बोल्ट खरोखरच गंजलेले निघाले. तूर्त चार कुंड्या घरात आणल्या आहेत. खालच्यांसाठी उरलेल्या दोन कुंड्यांखाली थाळ्या ठेवल्या, तर चालेल ना?

दुसरे उत्तर देणारे
चालेल, मात्र थाळीतील पाणी रोज ओतून टाकावे आणि आठवड्यातून एकदा ती घासावी, कारण डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतात.