म्हाताऱ्या वाघाची किडनी : रक्ताआधी लघवी

सोलापुरात पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या वाघ-बिबट्यांच्या किडनीचा अभ्यास रक्तापासून सुरू करावा का, असं विचारलंय. माझ्या मते आधी लघवी. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं साधारण ७५ टक्के काम गेलेलं असतं. शिवाय शेपटीतून रक्त देण्याची सवय नसेल तर बेशुद्ध करावं लागतं आणि आजारी किडनीला तोच मोठा धोका.

आदल्या संध्याकाळी फरशी नुसत्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करा, पहाटे सुई काढलेल्या सिरिंजनं लघवी ओढून घ्या. फरशीवर पाणी राहिलं तर नमुना पातळ होतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात जरा उशीर झाला की पाणी उडून उलट घट्ट. रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबभर लघवीत मोजणारं छोटं उपकरण) विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी किती घट्ट आहे याचं माप, वारंवार १.०३५ च्या खाली आलं तर किडनी लघवी नीट घट्ट करत नसल्याची शंका घ्या. एका नमुन्यावर काही ठरवू नका.

फिनेल तिथे कधीच नको. मांजरकुळाच्या यकृताला त्यातल्या फिनॉलचा निचरा नीट जमत नाही, आणि पंजे चाटताना ते थेट पोटात जातं.

पिण्याचं पाणीही मोजा. जाळीबाहेर तशीच एक भरलेली टाकी ठेवा, तिच्यातली घट वजा केली की खरं प्यायलेलं पाणी कळतं.