देवाची कृपा लायकी बघत नाही, मग न्यायाचं काय?

धागाकर्ता
येशूचा शिष्य पेत्र याने 'मी त्याला ओळखत नाही' म्हणत येशूला तीनदा नाकारलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 22व्या अध्यायात त्याआधी काय घडतं? पेत्र अजून छातीठोकपणे सोबतीची ग्वाही द्यायचाय, तोच येशू सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे. तू वळलास की भावांना स्थिर कर. 'वळलास तर' नाही, 'वळलास की'! पडण्याआधीच परतीची वाट करून ठेवलेली. तेच ते पाप पुन्हा करणारा मी या एका शब्दावर तग धरून आहे. देवाचा विश्वासूपणा माझ्या विश्वासूपणावर टेकलेला नाही.

प्रतिसाद 1
तुम्हाला धीर मिळाला, पण ज्याचं नुकसान केलं त्याचं काय? आमच्या घरात मारहाण करणारा माणूस दर रविवारी 'देवाने क्षमा केली' म्हणत परत यायचा. आईची माफी त्याने एकदाही मागितली नाही. जक्कय या जकातदाराने लोकांकडून फसवून घेतलेलं चौपट द्यायचं कबूल केलं, तेव्हा येशू म्हणाला की आज या घराला तारण, म्हणजे उद्धार, झालं. भरपाईशिवाय कृपा मला पटत नाही.

धागाकर्ता
तुमच्या आईवर झाला तो अन्यायच. त्यावर कृपेचं पांघरूण घालणारा मी कोण! पण जक्कयाच्या गोष्टीतला क्रम बघा. 'आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे' हे आधी, चौपट नंतर.

प्रतिसाद 2
वाद जुना आहे. माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असं पेलाजियस हा ख्रिस्ती शिक्षक शिकवायचा, बिशप ऑगस्टीनने ते खोडलं आणि 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण फेटाळली. मी ऑगस्टीनच्या बाजूचा. भरपाईनेच माणूस तरत असेल, तर पैसे घेऊन येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने ती 30 नाणी परत केली होती की!

प्रतिसाद 1
केली, पण याजकांना. ज्याला दगा दिला त्याच्याकडे तो गेलाच नाही. पेत्र गेला, मरणातून उठलेला येशू किनाऱ्यावर आहे हे कळताच होडीतून उडी टाकून. आणि येशूनेही 'जाऊ दे' म्हटलं नाही. नाकारलं तेव्हा अंगणात कोळशांचा विस्तव होता, तसाच किनाऱ्यावर पेटलेला, आणि तिथे तीनदा तोच प्रश्न: माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं. ही कृपा मला मान्य आहे. आमच्या घरी त्या माणसाला असं कुणीच काही विचारलं नाही.