मदत हवी आहे: उभ्या पास्त्याचा केक साच्यातून काढला की आडवा होतो

कावेरीकाठ
नमस्कार मंडळी. लवकर उत्तर हवंय, रविवारी लेकाचा वाढदिवस आहे. तो उभा पास्ता असतो ना, नळ्या एकमेकींना खेटून उभ्या करतात, त्यात सॉस भरतात, वर चीज घालून बेक करतात आणि मग केक कापावा तसा कापतात, तो करायचाय. काल करून पाहिला. सगळं नीट झालं होतं. साचा काढला आणि दोन मिनिटांत सगळ्या नळ्या आडव्या. चवीबद्दल प्रश्न नाही, चव झकास होती. तो उभा कसा राहील एवढंच सांगा. मैदा वाईट, पास्ता वाईट वगैरे उपदेश कृपया नकोत.

खलबत्ता
कुठला पास्ता? किती उकडला? साचा कसला? ओव्हन कोणता? अंडं चालतं का? माणसं किती? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

तर्री_पोहे
अंडं घाला. दोन अंडी फेटून सॉसमध्ये मिसळली की सगळं घट्ट धरून राहतं. मी नेहमी असंच करते. विषय संपला.

आरोग्यम्
उपदेश नाही, पण ज्वारीचा पास्ता मिळतो हल्ली. मुलांना कळतसुद्धा नाही.

कावेरीकाठ
अंडं नाही चालणार. पास्ता नेहमीचाच, पेने. पाकिटावर बारा मिनिटं लिहिलंय, तेवढाच उकडला. साचा केकचा, आठ इंची. ओव्हन घरचाच, त्याचा काही प्रश्न नाहीये. दहा-बारा मुलं आणि घरचे आम्ही. आता सांगा.

बोलोन्याचा_बंड्या
ताई, पेनेची दोन्ही टोकं तिरकी कापलेली असतात. ती उभी राहणार कशाच्या जोरावर? या प्रकाराला रिगातोनी लागतो. टोकं सरळ कापलेली, अंगावर रेघा, आणि नळी पेनेपेक्षा जाड. पाक्केरी म्हणून नेपल्सकडचा आणखी मोठा प्रकार आहे, पण तो उकडला की चपटा पडतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुसरं, पूर्ण उकडायचा नाही. पाकिटावर बारा मिनिटं असतील तर आठव्या-नवव्या मिनिटाला काढा. उरलेला तो ओव्हनमध्ये सॉस पिऊन शिजतो. काढल्यावर लगेच तेलाचा हात लावून ताटात पसरा, ढीग केलात तर नळ्या चिकटतात आणि सोडवताना फाटतात.

तिसरं, साचा गच्च भरला पाहिजे. नऊ इंची साच्याला ४५० ते ५०० ग्रॅम रिगातोनी लागतो, आठ इंचीला ३५० ते ४००. शेवटच्या चार नळ्या बोटाने दाबून घुसवाव्या लागल्या तर बरोबर भरलाय. कुठे जागा राहिली की सगळी पलटण त्या बाजूला कलते.

खवय्या_काका
बंड्याला अनुमोदन. त्यात एक भर: बाहेर काढल्यावर १५-२० मिनिटं साच्याला हात लावायचा नाही. चीज वितळलेलं असताना साचा उघडला तर रिगातोनी काय आणि पेने काय, दोघांची गत एकच. आणि पाकीट उलटं करून वाचा. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं हवं. मैद्याचा असेल तर तो ओव्हनमध्ये लिबलिबीत होतो.

कावेरीकाठ
रिगातोनी इथे मिळत नाही. पेने, एल्बो आणि ते पीळवालं, बस. ऑनलाइन बघितलं, रविवारच्या आत येत नाही.

बोरिवली_फास्ट
कमाल आहे, आमच्या खालच्या दुकानात तीन कंपन्यांचा रिगातोनी आहे.

खलबत्ता
मग पाठवताय का त्यांना? कावेरीताई, इथे म्हणजे कुठे?

कावेरीकाठ
कराड.

सातारी_कंदी
अरे वा, कराड! प्रीतिसंगमावर भेळेच्या गाड्या अजून लागतात का हो? कॉलेजात असताना संध्याकाळ तिथेच जायची.

खलबत्ता
धागा पास्त्याचा आहे.

सातारी_कंदी
माहीत आहे. विचारलं फक्त. हलकं घ्या.

पोळपाट_लाटणं
ओव्हनची गरजच काय? जाड बुडाच्या कढईत दोन वाट्या मीठ, त्यावर स्टँड, त्यावर साचा, झाकण, बारीक गॅस. मी पिझ्झा, केक, नानकटाई सगळं त्यातच करते. लॉकडाऊनपासून ओटीजी माळ्यावर गेलाय.

खवय्या_काका
नानकटाई होईल, हे नाही. कढईत उष्णता खालून येते आणि झाकणाखाली वाफ कोंडते. चीज वितळेल, पण वर खरपूस होणार नाही, आणि या पदार्थात निम्मी मजा तीच. शिवाय सॉस साच्याच्या बुडातून गळाला तर मिठात जळका वास.

पोळपाट_लाटणं
माझा कधी गळला नाही.

खवय्या_काका
तुम्ही केक करता, त्यात सॉस नसतो.

खलबत्ता
कावेरीताई, "घरचा ओव्हन" म्हणजे नक्की काय? आणि साच्याचं बूड निघतं का?

कावेरीकाठ
मायक्रोवेव्ह. पण कन्व्हेक्शनवाला आहे, केक होतात त्यात छान. साच्याचं बूड नाही निघत, साधा ॲल्युमिनियमचा. म्हणून तर सुरी फिरवून उपडा करून काढला ना.

बोरिवली_फास्ट
मायक्रोवेव्हमध्ये ॲल्युमिनियम??? ठिणग्या उडतील!

खवय्या_काका
कन्व्हेक्शनवर फक्त हीटर आणि पंखा चालतो, धातूचा साचा चालतो. मायक्रो किंवा कॉम्बो मोड चुकूनही लावू नका, तिथे ठिणग्या उडतात. साचा काचेच्या ताटलीवर न ठेवता सोबत मिळालेल्या बुटक्या जाळीवर ठेवा, म्हणजे खालून हवा फिरेल. आधी १९० अंशाला तापवून घ्या. वीस मिनिटं फॉइलने झाकून आणि पंधरा मिनिटं उघडा. फॉइल कडेला नीट दाबून बसवा, नाहीतर पंखा उडवतो.

पण ताई, तुम्ही उभा पास्ता उपडा केलात? वर चीज घातलेलं असताना? हा प्रकार कडी उघडणाऱ्या साच्यातच करतात. कडं बाजूला घ्यायचं, केक जागचा हलत नाही.

कावेरीकाठ
तसला साचा नाहीये माझ्याकडे. आणि आता एका पास्त्यासाठी घेणार पण नाही. आहे त्यात काय होईल ते सांगा प्लीज. मुलांना काहीतरी भारी दिसलं पाहिजे, एवढंच.

बोलोन्याचा_बंड्या
उपडाच करायचाय ना, मग इटलीतल्या पालेर्मोचा तिंबालो करा. तिथे आनेल्लेत्ती म्हणून बारीक कड्यांचा पास्ता वापरतात, तुम्हाला एल्बो चालेल. साच्याला आतून बटर लावून ब्रेडचा चुरा भुरभुरवायचा. वांग्याचे लांब, पातळ काप तळून बुडाला आणि कडेला असे लावायचे की टोकं साच्याबाहेर लोंबतील. आत सॉस-चीजमध्ये घोळलेला पास्ता दाबून भरायचा, लोंबती टोकं वर दुमडायची, बेक करायचं, पंधरा मिनिटं थांबून ताटात उपडा. वांगं सगळं बांधून ठेवतं आणि वरून चकचकीत दिसतं. कडीचा साचा लागत नाही, अंडं लागत नाही. तिकडे आत खिमा आणि मटार असतात, तुम्ही नुसते मटार घाला.

तर्री_पोहे
दहा वर्षांच्या पोरांच्या वाढदिवसाला वांगं? बंड्या, तुझं लग्न झालेलं नाही ना रे?

बोलोन्याचा_बंड्या
तळलेलं वांगं चीजमध्ये कुणाला कळत नाही.

तर्री_पोहे
पोरांना सगळं कळतं.

कावेरीकाठ
वांगं नाही चालणार. दोन मुलं जैन आहेत, त्यांच्या आयापण येणार आहेत. कांदा-लसूण पण नकोय अर्थात.

खलबत्ता
"अर्थात"! तिसऱ्या दिवशी!

नेमिनाथ_नगर
आमच्याकडे वांगं नाही, मश्रूम नाही, बटाटा-गाजर नाही. टोमॅटो, मटार, ढोबळी मिरची, पनीर चालतं. चातुर्मास चालू असेल तर पालेभाजी बरेच जण वर्ज्य करतात, त्या आयांना एक फोन करून घ्या. आणि चीजचं पाकीट बघा, हिरवा ठिपका असलेलंच घ्या. बाहेरून कुणी खरं पार्मिजानो आणून दिलं असेल तर ते वापरू नका. त्यात वासराच्या जठरातलं रेनेट (चीजसाठी दूध गोठवायचं द्रव्य) असतं, त्यांच्या नियमातच तसं आहे.

बोरिवली_फास्ट
चीजमध्ये वासरू? हे मला आत्ता कळतंय. मी शाकाहारी आहे आणि गेली कित्येक वर्षं पार्मेझान भुरभुरवतोय.

बोलोन्याचा_बंड्या
डब्यातलं भुकटीसारखं असेल तर त्यावर काय लिहिलंय ते वाचा, सगळ्यांत एकच रेनेट नसतं. अस्सल पार्मिजानो रेज्जानोत मात्र वासराचंच.

सुगृहिणी_सोलापूर
व्हाइट सॉसमध्ये गुठळ्या होत असतील तर गॅस बंद करून थंड दूध एकदम ओतायचं आणि रवीने घुसळायचं. मैद्याऐवजी कणीकही चालते.

खलबत्ता
गुठळ्या झाल्या असं कुणी म्हटलं?

सुगृहिणी_सोलापूर
होतील ना पुढे.

खवय्या_काका
कणकेने सॉस करडा दिसतो हो. मैदाच घ्या. ५० ग्रॅम बटर, ५० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध. किंचित जायफळ.

बोलोन्याचा_बंड्या
ठीक आहे, पेने नको, वांगं नको, कडीचा साचा नाही. मग निदी दी रोन्दिने करा. सान मारिनो आणि आसपासच्या, इटलीतल्या रोमान्या भागातला पदार्थ. पास्त्याच्या पट्टीवर सारण पसरून गुंडाळी करायची, चार-चार सेंटिमीटरचे तुकडे कापायचे आणि साच्यात उभे ठेवायचे, कापलेली बाजू वर. बेक झाल्यावर वरून एकेक फूल उमलल्यासारखं दिसतं. मुळात आत हॅम असतं, तुम्ही पनीर-पालक किंवा पनीर-मटार भरा. हे साच्यातून काढतच नाहीत, साचाच टेबलावर ठेवून एकेक उचलायचं. उभं राहण्याचा प्रश्नच येत नाही, साच्याची भिंत धरून ठेवते.

कावेरीकाठ
पट्टी म्हणजे लझान्याची? ती पण नाही मिळत इथे.

बोलोन्याचा_बंड्या
घरी लाटा. रोमान्यात अंड्यात भिजवतात, पण दक्षिणेकडे नुसत्या रव्यात आणि पाण्यात पास्ता करतात, तसा करा. बन्सी रवा मिळेल ना कराडात? तो ड्युरमचाच. मिक्सरमधून फिरवून बारीक करून घ्या. २०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम मैदा, साधारण १५० मिली कोमट पाणी. घट्ट मळायचं, दहा मिनिटं तरी, आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं. एवढ्यात तुमचे आठ इंची दोन साचे होतात, प्रत्येकी बारा-तेरा गुंडाळ्या.

पोळपाट_लाटणं
हे मला जमेल! किती पातळ लाटायचं? पुरणपोळीएवढं?

बोलोन्याचा_बंड्या
त्याहून पातळ. खालचा ओट्याचा दगड दिसायला लागला पाहिजे. मग लांब पट्ट्या कापून मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात एकेक मिनिट, लगेच गार पाण्यात, आणि कोरड्या पंचावर पसरायच्या. पुसून कोरड्या केल्याशिवाय सारण लावू नका, घसरतं. सारणात थोडा दाट व्हाइट सॉस मिसळा, तो चिकटवायचं काम करतो. पट्टीच्या शेवटची दोन बोटं जागा मोकळी सोडा.

साच्याच्या तळाला व्हाइट सॉसचा थर, मग गुंडाळ्या खेटून, वर उरलेला सॉस आणि किसलेलं मोझरेला. दोन साच्यांना लिटरभर दुधाचा सॉस लागेल, काकांचं प्रमाण दुप्पट करा. टोमॅटोचा सॉस घालायचा तर गुंडाळ्यांच्या मधल्या फटींत चमच्याने सोडा, वरून ओतलात तर फुलं झाकली जातात. १८० अंशाला अर्धा तास.

खवय्या_काका
कापताना सुरी दाबू नका, गुंडाळी चपटी होते. जाड शिवणाचा दोरा खालून घालून वर गाठ मारल्यासारखा ओढा, गोल तुकडा पडतो.

आरोग्यम्
खपली गव्हाचा रवा घेतला तर?

बोलोन्याचा_बंड्या
खपली वेगळा, ड्युरम वेगळा. पट्टी होईल, पण लाटताना जास्त तुटेल. पहिल्या वेळी नको.

कावेरीकाठ
आज एक लहान घाणा करून पाहिला, पनीर-मटारचा. फोन केला होता, पालक नकोच म्हणाल्या. पट्टी थोडी जाड राहिली, पण गुंडाळ्या उभ्या राहिल्या आणि लेकाने साच्यातूनच तीन उचलल्या. कडेच्या करकरीत होतात त्या त्याला जास्त आवडल्या. आता एकच: रविवारी सकाळी पूजा आहे, मला वेळ मिळणार नाही. शनिवारी रात्री करून ठेवलं तर चालेल का?

बोलोन्याचा_बंड्या
रचून ठेवा, बेक करू नका. तळाला सॉस, त्यावर गुंडाळ्या, प्लॅस्टिकने झाकून फ्रिजमध्ये. वरचा सॉस वेगळ्या भांड्यात, तो रात्रभर गार राहून घट्ट होतो, सकाळी थोडं दूध घालून सैल करून घ्या. साचा अर्धा तास आधी बाहेर काढा आणि दहा मिनिटं जास्त बेक करा. मायक्रोवेव्हमध्ये दोन साचे एकदम मावत नसतील तर पहिला झाला की फॉइल आणि टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा, दुसरा होईपर्यंत गरम राहतो.

कावेरीकाठ
एकच मावतो. चार वाजता पहिला लावते. सगळ्यांचे आभार. आणि सातारी_कंदी, हो, भेळेच्या गाड्या लागतात अजून.